चक्कीवरचे सर आणि क्वांटम

आमच्या कॉम्प्युटर क्लासात शिरताना चपला जिन्यात काढाव्या लागत. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, असा सरांचा नियम होता. क्लास होता पिठाच्या चक्कीच्या वर. खाली चक्की सुरू झाली की जिन्यातून एक मऊ पांढरा ढग वर चढायचा आणि कीबोर्डवर, पंख्याच्या पात्यांवर, अनवाणी बसलेल्या विद्यार्थ्यांच्या केसांवर सावकाश उतरायचा. कोणी हसलं तर सर गंभीरपणे म्हणायचे, "पीठ म्हणजे धूळ नाही. पीठ अन्न आहे."

भंडाऱ्यात त्यांना चक्कीवरचे सर म्हणूनच ओळखत. आधी ते एका खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. ती नोकरी संपल्यावर त्यांनी हा क्लास काढला आणि जागा स्वस्त म्हणून चक्कीवर काढला. पुढे त्यांना तिचेच फायदे दिसू लागले. दळण घेऊन येणाऱ्या बायका डबा खाली ठेवून वर यायच्या आणि दळण होईपर्यंत टायपिंग करायच्या. सरांनी त्यांची वेगळी बॅच केली आणि तिला नाव दिलं, दळण बॅच. या बॅचचा वेळ गव्हावर अवलंबून असायचा. खालून चक्कीवाल्याची हाक आली की बायका वाक्य अर्धवट सोडून उठायच्या. ज्वारीवाल्या लवकर सुटायच्या.

मी तिथं एक्सेल शिकवत होते, बहुतेक फळ्यावर लिहूनच. बी.एस्सी. झाल्यावर घरी बसले होते. आमचं कापडाचं दुकान आहे, आणि सर दर काही महिन्यांनी बाबांकडून कटपीस घेऊन जायचे, कॉम्प्युटरना खोळी शिवायला. म्हणून आमच्या क्लासातले सगळे कॉम्प्युटर झोपताना फुलाफुलांचे ब्लाऊज घातल्यासारखे दिसत. अशाच एका खेपेला त्यांनी मला गल्ल्यामागे पाहिलं आणि बाबांना विचारलं, "पोरगी काय करते?"

"काही नाही. बोलत बी नाही," बाबा म्हणाले.

"मंग पाठवून द्या माझ्याकडे. कॉम्प्युटरसमोर बोलणाऱ्याचं काय काम?"

मी बोलत नसे हे खरं. त्यामागे काही दुःख नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथं मराठी बोललं की डायरीत शेरा यायचा, आणि घरी इंग्रजी बोललं की मावश्या पदर तोंडाला लावून हसायच्या. मी मधला मार्ग काढला. घरात त्याची सगळ्यांना सवय झाली होती. बाबा मला काही विचारायचं असलं तर आईला विचारत. आम्ही तिघं एकाच चटईवर जेवत असू आणि बाबा आईला म्हणत, "तिले विचार, भात पाहिजे का." आई माझ्याकडे पाही, मी मान हलवी, आई बाबांना सांगे, "नको म्हणते." असं सगळं सुरळीत चाललं होतं.

सर मला नावानं हाक मारत नसत. विद्यार्थ्यांसमोर 'मॅडम' म्हणत, एरवी 'इंग्लिश मीडियम'. "ए इंग्लिश मीडियम, हा प्रिंटर काहून रुसला पाह्य जरा." मला त्याचा राग येत नसे. प्रिंटरशी बोलायचं नसतं, नुसतं उघडून पाहायचं असतं.

शिकवण्याची त्यांची स्वतःची रीत होती. रॅम म्हणजे ओसरी, हार्ड डिस्क म्हणजे धानाची कोठी. ओसरीवर जो आला तो बसतो, आणि लाइट गेली की सगळे उठून जातात. कोठीत ठेवलं तेच उरतं, तेव्हा लोकहो, सेव्ह करा. व्हायरस म्हणजे न सांगता आलेला पाहुणा, जो जाताना आणखी चार पाहुण्यांना पत्ता देतो. अँटिव्हायरस म्हणजे काय, असं एकदा दळण बॅचमधल्या एका काकूंनी विचारलं. सर थोडा वेळ विचार करून म्हणाले, "सासू." त्या दिवशी दळण झालं तरी कोणी खाली उतरलं नाही.

पण सरांची खरी ख्याती होती ती 'नाही' म्हणण्यासाठी. क्लास चालवणारा माणूस दारात आलेल्या विद्यार्थ्याला परत पाठवतो हे मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही. कोणी म्हटलं, मला ॲनिमेशन शिकायचं आहे, तर सर विचारत, "काय करशील?" तो म्हणे, माहीत नाही, पण त्याला स्कोप आहे म्हणतात. "कोण म्हणते?" "सगळेच." एवढं ऐकलं की सर उठत आणि त्याला जिन्यापर्यंत पोहोचवत. "हे तुझ्या कामाचं नाही. घरी जा, विचार कर, खरंच चित्रं काढावी वाटली तर ये." बहुतेक जण दुसऱ्या क्लासात जात, तिथं फी भरत आणि येता-जाता खालून सरांना हात करत.

एकदा तर एक बाई मुलासाठी नवा लॅपटॉप घ्यावा का विचारायला आल्या. सरांनी जुना उघडला, आतला पंखा फुंकर मारून साफ केला, आणि दुकानात जाऊन पैसे घालवू नका म्हणून सांगितलं. ते दुकान सरांच्या साडभावाचं, म्हणजे साडूचं होतं. दोन्ही घरांत त्यानंतर बराच काळ अबोला होता. "खरं बोललो, त्यात काय?" सर म्हणायचे. आणि मग माझ्याकडे पाहून, "तू बरी. तू बोलतच नाहीस, तर साडभाऊ तुटत नाही."

ही सवय कुठून आली ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही लाइट गेली होती म्हणून. त्यांचं मूळ गाव वैनगंगेच्या काठी होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ते गेलं आणि सगळे लोक अड्याळच्या बाजूला नव्या वस्तीत आले. "आधी सभा झाली होती गावात," सर म्हणाले. "मी तरणाच होतो. एक जण उभा राहून म्हणाला, हे सगळ्याइच्या कामाचं आहे. खोटं नव्हतं बोलून राहिला. धरण कामाचंच आहे, लोकाइले पाणी भेटते. पण माझी माय मागून म्हणाली, सगळे म्हणजे कोण कोण, नावं सांगा. सारे हसले. मी बी हसलो. नंतर घरी जाऊन मले वाटलं, प्रश्न तर बरोबर होता." तेवढ्यात लाइट आली आणि सरांनी ओरडून विचारलं, "कोणी कोणी सेव्ह केलं नव्हतं?"

क्वांटम आमच्या क्लासात आला तो नागपूरहून, टाय लावून. एका कंपनीचा माणूस फ्रँचायझी द्यायला आला होता. 'क्वांटम कॉम्प्युटिंग, प्राथमिक', तीन महिने, प्रमाणपत्रासह. त्यानं जिन्यात बूट काढले, मोज्यांवर पीठ घेऊन तो वर आला आणि रंगीत पत्रक पसरून म्हणाला, "सर, आता सगळं क्वांटमवर जाणार आहे."

"सगळं म्हणजे?"

"सगळंच. बँक, मोबाइल, शाळा, घरातला टीव्ही."

"खालची चक्की?"

"हो... म्हणजे, पुढेमागे तीसुद्धा."

"सातबारा?"

"सेकंदात, सर."

"आता बी सेकंदातच निघते. सर्व्हर चालू राहिला तर. तुमचा क्वांटम तहसीलचा सर्व्हर चालू ठेवते काय?"

तो माणूस हसला. सर हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "ए इंग्लिश मीडियम. तू भौतिकशास्त्रवाली. हे खरं आहे का?"

मी वाचत होते हे त्यांना माहीत असावं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत होते, दुपारी क्लास रिकामा असला की कॉम्प्युटरवर व्याख्यानं ऐकत होते, हेडफोन लावून, आवाज चक्कीच्या वर ठेवून. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते काही नव्हतं, आवडीचं होतं.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?" टायवाला म्हणाला.

मी उठले आणि फळ्यावर लिहिलं. मला लिहिणं सोपं जायचं. हा जास्त वेगवान कॉम्प्युटर नसून निराळंच यंत्र आहे, पत्र टाइप करायला किंवा हिशेब मांडायला त्याचा काही फायदा नाही. काही मोजक्या प्रकारच्या अवघड गणितांत मात्र तो आजच्या कॉम्प्युटरला जमणार नाही ते करू शकेल, असं वाटतं. आणि बहुतेक यंत्रांना भयंकर थंडी लागते, अंतराळाहूनही जास्त.

सर फळ्याजवळ आले. शेवटची ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली. "एवढी थंडी. भंडाऱ्यात. मे महिन्यात." मग त्या माणसाकडे वळून म्हणाले, "साहेब, एक गिलास धुवायचा असला तर मी नळाखाली धरतो. त्याच्यासाठी गोसेच्या धरणाचे दरवाजे उघडायले सांगत नाही."

त्याला चहा पाजून पाठवलं. बुटात पाय घालताना तो माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होता ती मला अजून आठवते. मला फार बरं वाटलं होतं. एका शब्दावर इतकं काही घडलं असं माझ्या आयुष्यात तोवर झालं नव्हतं.

त्यानंतर मात्र सरांना नवाच नाद लागला. प्रत्येक बॅचच्या पहिल्या दिवशी ते क्वांटमवर बोलू लागले. लोक आले होते टायपिंगला. क्वांटम हा शब्द बहुतेकांनी ऐकलेलाच नव्हता. सर त्यांना आधी तो येणार म्हणून घाबरवत आणि मग तो तुमच्या घरी येणार नाही म्हणून धीर देत. "तुमचा मोबाइल त्याच्यानं फास्ट होणार नाही. तुमचं एक्सेल त्याच्यानं सुधरणार नाही. कोणी क्वांटमच्या नावानं काही विकायले आला तर माझ्याकडे पाठवा." दळण बॅचमधल्या एक काकू सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या, "नाही येत ना? मंग झालं. मले वाटलं, पुन्हा सगळं नवीन शिका लागते." फळ्यावरचं माझं अक्षर सरांनी पुसू दिलं नाही. बाजूची जागा वापरायची, तेवढी चौकट तशीच. रोज तिच्यावर थोडं पीठ बसायचं आणि सर रोज ती फुंकरीनं साफ करायचे.

आणि त्याच दिवाळीत मला पुण्याहून निरोप आला. एका संस्थेत क्वांटम कॉम्प्युटिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, जानेवारीत सुरू होणारा. मी कोणाला न सांगता परीक्षा दिली होती आणि माझी निवड झाली होती. आठवड्याभरात हो किंवा नाही कळवायचं होतं.

मी आईला सांगितलं. आईनं बाबांना सांगितलं. बाबांनी ताटातला हात थांबवला आणि आईला म्हणाले, "तिले विचार, हे शिकून काय होते?" मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "राहू दे. मी विचारतो लोकाइले."

बाबांनी विचारलं. नागपूरचे मावसाजी इंजिनिअर आहेत, ते फोनवर म्हणाले, "फ्यूचर आहे भाऊ, फ्यूचर! उद्या घराघरात क्वांटमच राहील." एक चुलत भाऊ म्हणाला, दोन वर्षांत प्रत्येक मोबाइलमध्ये येणार. दुकानात बसलेला एक व्यापारी म्हणाला, पुढे सगळं त्याच्यावरच आहे. जितके लोक चांगलं बोलले तितका बाबांचा चेहरा पडत गेला. शेवटी ते आईला म्हणाले, "काही समजून नाही राहिलं. चक्कीवरच्या सरांले विचारतो. ते म्हणतील तसं."

मी त्या दिवशी जेवले नाही. सर काय म्हणतील हे मला माहीत होतं. सगळ्या भंडाऱ्याला माहीत होतं. त्यांचं मत माझ्याच अक्षरात फळ्यावर होतं.

त्यात आणखी एक गोष्ट होती. मी गेले असते तर क्लासात एक्सेल शिकवायला कोणी नव्हतं. सरांना एक्सेल येत नसे. ओसरी आणि कोठीपर्यंत त्यांचं ठीक होतं, पण फॉर्म्युला आला की ते म्हणायचे, "हे मॅडम सांगतील." म्हणजे खरं बोलूनच त्यांची सोय होणार होती.

बाबा क्लासात गेले तेव्हा सर कुलूप लावत होते. अड्याळकडच्या त्यांच्या नव्या गावची मंडई होती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा ढोलकीवर दंडारीचा नाच रंगतो, दुकानं लागतात, घरोघर पाहुणे येतात. सर म्हणाले, "असा प्रश्न चक्कीच्या आवाजात घेत नाही मी. तुम्ही दोघं बी मंडईले या. निवांत बोलू."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या भागातल्या माणसाला सांगावी लागत नाही. मंडई म्हणजे सोयरिकीचा हंगाम. लग्नाची मुलगी, तिचा बाप आणि हातात पेढ्याचा पुडा, असे मंडईच्या दिवशी कोणाच्या दारात उभे राहिले तर ते कशासाठी आले हे कोणी विचारत नाही. बाबांच्या हे लक्षात आलं नाही, कारण त्यांच्या डोक्यात क्वांटम होता. रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून त्यांनी पेढे घेतले. सरांची मोठी बहीण तिथं असते, तिला म्हणून दुकानातली एक साडी घेतली. आईनं मला कोशाचा रेशमी दुपट्टा दिला, म्हणाली, पाहुणे जमतील, बरी दिस.

सर घरी नव्हते. दंडार बघायला गेले होते. त्यांच्या बहिणीनं, सगळे त्यांना बाई म्हणत, आम्हाला दारात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पेढ्याकडे पाहिलं, आणि आत वळून हाक दिली, "अवं, पाणी आणा वं! पाव्हणे आले!" त्या 'पाव्हणे'ला एक सूर होता.

अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडल्या गेल्या. शेजारच्या बायका काही ना काही मागायला येऊ लागल्या. वाटी, चाळणी, काहीही. येताना मला बघून जायच्या. थोड्या वेळानं आतून बाईंच्या मुलाला ढकलून बाहेर काढण्यात आलं. बी.कॉम. झालेला, स्पर्धा परीक्षा देणारा, घडी न मोडलेला शर्ट. तो खुर्चीवर बसला आणि त्यानं जमिनीकडे बघायला सुरुवात केली. मी आधीपासून बघतच होते. आम्ही दोघांनी मिळून ती जमीन बराच वेळ बघितली.

"पोरगी किती शिकली?" बाईंनी विचारलं.

"बी.एस्सी.," बाबा म्हणाले. "अजून शिकतो म्हणते. म्हणून तर आलो."

"लग्नानंतर बी शिकता येते," बाई म्हणाल्या. "आमची काही मनाई नाही."

बाबांनी मान डोलावली. ते पुढचं वाक्य जुळवत होते, त्यांनी ऐकलंच नसावं. मला सगळं कळलं होतं, पण ते सांगायला बोलावं लागलं असतं. पोहे आले.

सर आले तेव्हा बाईंनी त्यांना दारातच गाठलं. कुजबुजल्या, पण बाईंची कुजबूज दंडारीच्या ढोलकीवरून ऐकू येईल अशी. "पोट्टी बोलत नाही, पण चांगली हाय. मले पसंत हाय."

"कोणती पोट्टी?" सर म्हणाले. "अवं बाई, ते क्वांटमसाठी आले."

"तो कोणच्या गावचा पोट्टा?"

सरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी सगळ्यांसमोर, वाटी-चाळणीवाल्या बायकांसकट, खरा प्रकार सांगितला. बाबा खुर्चीत ताठ झाले. शर्टवाल्या मुलानं पहिल्यांदा मान वर केली आणि मोकळा श्वास घेतला. मला वाटलं, आता निघावं. पण बाबा निघायला आले नव्हते. ते लाल चेहऱ्यानं म्हणाले, "सर, आता सांगूनच टाका. दोन वर्षं पुण्याले पाठवायची पोरगी. हे रोजच्या माणसाच्या कामाचं आहे का नाही?"

सर खुर्ची ओढून बाबांसमोर बसले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. आयुष्यात एकदा तरी यांनी खोटं बोलावं, असं मी त्या क्षणी फार मनापासून मागितलं.

"नाही," सर म्हणाले.

चाळणीवाली बाई आणखी जवळ सरकली.

"तुमच्या घरी तो कधी येणार नाही, भाऊ. दुकानात येणार नाही. मोबाइलमधी येणार नाही. फार तर कुठं दूर त्याचं मशीन राहील, त्याच्यावर कोणी औषध शोधेल, कोणी काही, अन् ते फिरून फिरून तुमच्यापर्यंत पोहोचेल. तुम्हाले कळणार बी नाही. ते बी होईलच असं नाही. घराघरात येईल म्हणणारा चुकून राहिला, नाहीतर विकून राहिला. हे मी माझ्या मनानं नाही सांगत. तुमच्याच पोरीनं मले सांगितलं."

बाबा माझ्याकडे वळले. मधे आई नव्हती.

"तू सांगितलं?"

मी मान डोलावली. बाईंना राहवेना. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. "तूच म्हणतेस कामाचा नाही, अन् तूच शिकतेस. कायले वं पोरी?"

तिथं फळा नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या हातात खडूऐवजी पोह्यांची बशी होती.

"तुमच्या बांधावर तूर आहे ना," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला. "तिच्या मुळाला बारीक गाठी राहतात."

"राहतात," बाई म्हणाल्या. "मंग?"

"त्या गाठीत हवेचं खत होते. गुपचूप. तिथं काही तापत नाही, काही जळत नाही. तेच आपण कारखान्यात करतो तर केवढी आग लागते, केवढा दाब लागतो. मग तूर ते कसं करते? आत काय होते ते साऱ्या जगाच्या कॉम्प्युटरना मांडता येत नाही. म्हणजे थोडं येते, पण पूर्ण नाही. एवढीशी गाठ, पण तिचं गणित फार मोठं होऊन जाते. ते गणित कदाचित या मशीनवर मांडता येईल."

"अन् मंग युरिया स्वस्त होईल?"

"माहीत नाही."

"कधी होईल?"

"माहीत नाही. माझ्या हयातीत होईल का ते बी माहीत नाही. पण मले ते पाहायचं आहे. गाठीच्या आत."

मी थांबले. बाबा माझ्याकडे असे बघत होते की जणू दुकानात रोज दिसणारा एक तागा त्यांनी आज पहिल्यांदा उलगडून पाहिला. मी त्यांच्यासमोर सलग इतकं कधीच बोलले नव्हते. इतकं मी कोणासमोरच बोलले नव्हते.

"बरं," बाबा म्हणाले. मग थेट मला, "जा मग."

सर खुर्चीवरून उठलेच. "म्हणजे? अहो भाऊ, मी नाही म्हटलं!"

"म्हणूनच तर," बाबा म्हणाले. "सर, मी एवढी वर्षं कापडात काढली. जो ठोकवाला म्हणते हे कापड लग्नात चालते, शेतात चालते, लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्याइले चालते, त्याचा माल मी उचलत नाही. जो म्हणते, भाऊ, हे तुमच्या गिऱ्हाइकाचं नाही, पण या एका कामाले याच्यासारखं दुसरं नाही, त्याच्याकडून डोळे मिटून घेतो. चार दिवस झाले, सगळे मले क्वांटम विकून राहिले होते. मले भीती वाटली, पोरगी फसते. तुम्ही नाही म्हटलं, तिनं बी माहीत नाही म्हटलं. आता भीती गेली."

"पण मी सांगून राहिलो ना, उपयोग—"

"ऐकलं, सर. तुमचंच ऐकलं."

सरांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरं बोलल्यामुळे त्यांनी साडभाऊ गमावला होता, विद्यार्थी गमावले होते. पण आपल्या 'नाही'मुळेच एक्सेलची मॅडम हातची जाईल, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. ते खाली बसले. गावातून ढोलकीचा आवाज येत होता आणि सरांचा पाय, त्यांना न विचारता, त्या ठेक्यावर हलत होता.

"तुझी बी गेली," बाई त्यांच्या बाजूच्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "माझी बी गेली."

"हो."

"पोहे तरी गरम खाऊ दे तिले."

मी पोहे खाल्ले. गार झाले होते, पण मला फार भूक लागली होती. बाबांनी साडीचा पुडा बाईंच्या हातात दिला, आणि बाईंनी तो नको नको म्हणत घेतला.  सर एकटक समोर बघत होते. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की ते हवेत बघत नव्हते, घडी न मोडलेल्या शर्टाकडे बघत होते.

"काय रे," सर भाच्याला म्हणाले, "तुले एक्सेल येते काय?"